घरातला वास जाता जात नाही? आधी तो कशाचा आहे ते शोध

प्रश्न: ताई, नमस्कार. आमचं घर छोटं आहे, खिडक्या आहेत पण हवा फारशी खेळत नाही. कपाट उघडलं की कुबट वास येतो, मासे केले की दोन दिवस किचनमध्ये वास रेंगाळतो, नवऱ्याच्या बुटांचं तर विचारूच नका. त्यात मांजर आणलीये, तिने हॉलच्या कोपऱ्यात दोनदा शू केली, तो वास पुसून पुसून पण जात नाही. सासूबाईंना दमा आहे, स्प्रेवाला रूम फ्रेशनर मारला की त्यांना खोकला सुटतो, म्हणून मी ठरवलं की सगळं नॅचरल वापरायचं. निलगिरीचं तेल आणि डिफ्यूझर आणला, कपाटात कापूर ठेवला, सगळीकडे लिंबाने पुसलं, संत्र्याच्या साली ठिकठिकाणी ठेवल्या, अगदी मांजरीच्या लिटर बॉक्सजवळ पण. चार कुंड्याही आणल्या. आठवडाभर बरं वाटलं, आता जुने वास परत आलेत आणि त्यात निलगिरी मिसळलीये. झाडापानांचं काही खरंच काम करतं का, की हे सगळं सांगण्यापुरतंच?

उत्तर:

काम करतं गं, पण ज्याचं काम त्याला दिलं तर. तू आणलेल्या वस्तूंमधल्या दोनतीन खरंच कामाच्या आहेत, फक्त नको तिथे लागल्यात, आणि एकदोन तर आजच्या आज घरातून काढ असं मी सांगेन.

आधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट करून घे म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. वास येतो म्हणजे कुठून तरी काहीतरी हवेत उडतंय आणि तुझ्या नाकात जातंय. ते थांबवायचं तर एकतर ते जिथून उडतंय ती जागा साफ कर, नाहीतर ते उडणार नाही असं त्याचं रसायन बदल, नाहीतर हवेतून ते शोषून घेणारं काहीतरी ठेव. हे तीन सोडून चौथा जो प्रकार आहे, म्हणजे त्याच्यावर दुसरा जोरदार वास टाकणं, तो रूम फ्रेशनरवाले करतात आणि निलगिरीचं तेल पण तेच करतं, बाटलीवर पानाचं चित्र असलं तरी. आठवडाभर बरं वाटलं त्याचं कारणही तेच असणार, नाकाला नवीन वास मिळाला की ते जुन्याकडे दुर्लक्ष करतं, मग हळूहळू नवीन वासाचीही सवय होते.

डिफ्यूझर आजच बंद कर. एक कारण सासूबाईंचं, दम्याच्या माणसाला त्रास उग्र वासाने होतो आणि तो वास कारखान्यातून आला की झाडातून याच्याशी श्वासनलिकेला काही देणंघेणं नसतं. निलगिरीच्या जागी संत्र्या-लिंबाचं तेल घालीन म्हणशील तर त्यात मुख्यतः लिमोनीन नावाचा वासाचा पदार्थ असतो, तो हवेतल्या ओझोनशी मिसळला की त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड आणि अगदी बारीक कण तयार होतात, म्हणजे बंद खोलीत तासन् तास डिफ्यूझर चालवणं ही काही हवा शुद्ध करायची रीत नव्हे. दुसरं कारण मांजर. अशा तेलांमधले पदार्थ पचवून बाहेर टाकायला आपल्या लिव्हरमध्ये जी यंत्रणा असते ती मांजरांमध्ये फार कमजोर असते, त्यामुळे निलगिरी, टी ट्री, लिंबूवर्गीय तेलं आणि कापूर हे सगळं त्यांना विषारी पडू शकतं. अंगावर बसलेले थेंब ती चाटते आणि ते पोटात जातं. लाळ गाळत असेल, चालताना तोल जात असेल, एकदम मलूल पडली असेल तर वाट बघत बसू नकोस, सरळ व्हेटकडे ने.

आता मांजरीचाच कोपरा आधी घेऊ, कारण तो जितका जुना होईल तितका अवघड होतो. तू लिहिलंयस की लिटर बॉक्सजवळ संत्र्याच्या साली ठेवल्या. अगं, बऱ्याच मांजरांना लिंबूवर्गीय वास सहन होत नाही, लोक कुंडीतली माती उकरू नये म्हणून मुद्दाम साली टाकतात! म्हणजे तू तिच्या टॉयलेटच्या दारातच तिला नको असलेली गोष्ट ठेवलीस, मग तिने हॉलचा कोपरा शोधला असेल तर नवल नाही. हेच कारण असेल असं छातीठोक सांगत नाही, पण साली आज उचल आणि काय होतं ते बघ. साली उचलूनही ती बाहेरच जात असेल, किंवा सारखी बसतेय आणि थेंबथेंबच होतेय असं दिसलं तर तो वासाचा प्रश्न नाही, लघवीच्या त्रासाचा असू शकतो. बोका असेल आणि त्याला शू होतच नसेल तर ती इमर्जन्सी असते, रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा.

तो कोपरा पुसून पुसून का जात नाही ते सांगते. शू ताजी असताना वास कमी असतो, नंतर बॅक्टेरिया त्यातल्या युरियापासून अमोनिया करतात, तो नाकात झिणझिण्या आणणारा वास. मांजरीच्या लघवीत याशिवाय गंधकाचे पदार्थ तयार होतात, तो खास मांजरीचाच वास. आणि यात युरिक ॲसिडचे स्फटिक असतात जे पाण्यात नीट विरघळत नाहीत, फरशीच्या सांध्यात नाहीतर लाकडात जाऊन बसतात. दमट हवा आली की तिथून वास परत उठतो आणि आपल्याला वाटतं मांजरीने परत केली. लिंबूपाणी किंवा अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर लावलंस तर आम्लामुळे अमोनिया मरतो, तेवढा फायदा नक्की, पण ते स्फटिक तसेच राहतात. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पाळीव प्राण्यांसाठी म्हणून मिळतं. ते झाडापासून बनलेलं नसतं, त्यातली एन्झाइम्स साधारणपणे बॅक्टेरियाकडून येतात, पण मला तरी वनस्पतीच पाहिजे असा हट्ट इथे पटत नाही. जागा आधी साध्या पाण्याने पुसून घे, क्लीनर भरपूर ओत, नुसतं फडकं फिरवू नकोस, आणि बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ ओलंच राहू दे, लोक इथेच घाई करतात. व्हिनेगर लावलं असेल तर ते आधी धुऊन काढ, एन्झाइमला जास्त आंबटपणा सोसत नाही.

आणि ब्लीच त्या कोपऱ्यात अजिबात नको. ब्लीच आणि अमोनिया मिळून विषारी क्लोरामीन वायू होतो, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू पडलं तर क्लोरीन. टॉयलेट क्लीनर, ब्लीच, लिंबू असं एकावर एक ओतून "डबल पॉवर" करणारे लोक आहेत म्हणून मोठ्याने सांगतेय, दम्याचं माणूस घरात असताना तर मुळीच नाही. बरं, लिटरमध्ये, म्हणजे त्या बॉक्समध्ये जे पसरतात त्यात, मात्र तुला पाहिजे तसं वनस्पतीवालं चांगलं काही मिळतं, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या, मक्याचं लिटर वगैरे, ते ओल शोषतं आणि त्यात बिनवासाचंच घे. त्यातली घाण रोज काढली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आता मासे. इथे तुझं लिंबू खरं हिरो आहे. माशाच्या अंगात एक बिनवासाचा पदार्थ असतो, मासा मेल्यावर बॅक्टेरिया त्याचं ट्रायमिथाइल अमीन करतात आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः हाच. हे अमीन अल्कधर्मी असतं, त्याला आम्ल भेटलं की त्याचं मीठ होतं आणि मीठ हवेत उडत नाही, म्हणजे वास संपला, झाकला नाही, संपला. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक ॲसिड असतं आणि व्हिनेगरमध्ये जवळपास तेवढंच ॲसेटिक, म्हणजे दोन्ही चालतं, घरात चिंच असेल तर चिंचेचं पाणी पण चालतं. पण ते जिथे अमीन चिकटलंय तिथे लागलं पाहिजे, हवेत नाही. लिंबाची साल पातेल्यात उकळत ठेवली की घरभर छान वाटतं ना, तो नुसता सुगंध, अमीनचं त्याने फारसं काही बिघडत नाही. त्यापेक्षा कापायचा बोर्ड घे, आधी गार पाण्याने धू, कारण गरम पाण्याने माशाचं प्रोटीन शिजून चिकटतं, मग अर्धं लिंबू बोर्डवर सगळीकडे घास, खासकरून सुरीने पडलेल्या चिरांमध्ये, पाच-दहा मिनिटं ठेव आणि मग साबण आणि गरम पाणी. सुरी, सिंक, हात, सगळं याच क्रमाने. सिंकच्या जाळीखाली बोट फिरवून बघ एकदा, बुळबुळीत लागेल, तिथेही लिंबू आणि ब्रश गेलाच पाहिजे. संगमरवरी ओटा असेल तर मात्र लिंबू त्याच्यावर ठेवू नकोस, आम्लाने दगडाची चकाकी जाते, आणि बिडाच्या तव्यावर पण जास्त वेळ नको.

उरलेला वास तळणीचा असतो, आणि तो वेगळा प्रकार आहे. तळताना तेलाचे बारीक थेंब वाफेबरोबर उडतात आणि पडद्यावर, गॅसमागच्या टाइल्सवर, एक्झॉस्टच्या पात्यांवर जाऊन बसतात, तो थर पुढचे दोन दिवस वास सोडत राहतो. तुझा दोन दिवसांचा हिशोब इथून येतोय असं मला वाटतं. चिकट तेलाला लिंबू काही करत नाही, तिथे साबणच पाहिजे. झाडाचाच पाहिजे असेल तर रिठे आहेत, त्यात सॅपोनिन असतं जे फेस करतं आणि तेल सोडवतं. रिठे रात्री भिजत घालून सकाळी उकळायचे, गाळून घ्यायचे, त्या पाण्याने टाइल्स पुसायच्या, डोळ्यात उडू द्यायचं नाही, फार झोंबतं. ते पाणी दोनतीन दिवसांत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच कर. आणि एक्झॉस्ट कढई तापायच्या आधी लाव, वास सुटल्यावर नाही.

(लसणाचं तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी विचारणारच म्हणून सांगते. लसूण खाल्ल्यावर तोंडाला येणारा वास ब्रशने पूर्ण जात नाही कारण त्यातला एक गंधकाचा पदार्थ रक्तात जातो आणि फुफ्फुसातून श्वासावाटे बाहेर येत राहतो. जेवल्या जेवल्या कच्चं सफरचंद किंवा पुदिन्याची पानं चावून खाल्ली तर बराच कमी होतो, कच्चीच, शिजवलेल्याने तितका फरक पडत नाही.)

बुटांकडे येऊ. इथे नेमकं उलटं आहे. पायाचा घाम स्वतः जवळपास बिनवासाचा असतो, बंद बुटात ऊब आणि ओल मिळाली की कातडीवरचे बॅक्टेरिया त्यातून आयसोव्हॅलेरिक ॲसिड वगैरे करतात. म्हणजे हा वासच आम्लाचा, त्याच्यावर लिंबू मारलंस तर आम्लावर आम्ल, वर बूट ओला झाला म्हणजे बॅक्टेरियाची मजाच. खायचा सोडा रात्री बुटात टाकून सकाळी झटकला तर वास कमी होतो, सोडा वनस्पती नाही, खनिज आहे, पण स्वस्त आहे आणि त्याला स्वतःचा वास नाही, सासूबाईंना चालेल. चामड्याच्या बुटात मात्र रोज नको, चामडं कोरडं पडतं.

झाडाचं म्हणशील तर पायासाठी चहा आहे. काळा चहा, दूध-साखर नाही, अर्धा लिटर पाण्यात दोन टी बॅग पंधरा मिनिटं उकळायच्या, त्यात दोन लिटर गार पाणी घालायचं आणि अर्धा तास पाय बुडवून बसायचं, रोज, आठवडाभर. चहातल्या टॅनिनमुळे कातडी थोडी आकसते आणि घाम कमी येतो. पायाला चिरा, जखमा असतील तर नको, डायबिटीस असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. नवरा टीव्हीसमोर अर्धा तास असाही बसतच असेल, टब पुढे सरकव. पण खरं सांगू का, यातलं काही न करता नुसते दोन जोड आलटून पालटून घातले, म्हणजे एक जोड पूर्ण दिवस सुकायला मिळाला, तरी खूप फरक पडतो. आतली इनसोल काढून वेगळी सुकव. मोजे पॉलिस्टरचे असतील तर सुती किंवा लोकरीचे आण. २०१४ मध्ये बेल्जियमच्या घेंट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी व्यायामानंतरचे टीशर्ट तपासले होते, त्यात पॉलिस्टरचे सुतीपेक्षा जास्त वास मारत होते, वास करणारे काही बॅक्टेरिया त्या धाग्यावर जास्त जोमात वाढतात. नवऱ्याच्या बोटांच्या बेचक्यात खाज, सालपटं निघणं असं काही असेल तर ते फंगल इन्फेक्शन, त्याला क्रीम लागेल, चहा नाही.

कपाटाचा कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी. इथे मी थोडी कडक बोलणार आहे, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त पुड्या, गोळ्या, पिशव्या टांगतात आणि ओल तशीच ठेवतात. कपाट भिंतीला टेकलंय का बघ. टेकलं असेल तर चार बोटं पुढे ओढ आणि टॉर्च घेऊन मागची भिंत आणि कपाटाची पाठ बघ, काळे-हिरवट ठिपके दिसतील तर वास तिथून येतोय. कपडे बाहेर काढ, फळ्या साबणाच्या पाण्याने पुस, पूर्ण वाळव, हे करताना मास्क लाव आणि सासूबाईंना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसव किंवा कोणाकडे तरी पाठव, बुरशीचे कण दम्याला वाईट. भिंतच ओली असेल, मागून पाइप जात असेल तर आधी ते गळणं बंद व्हायला पाहिजे, त्याला कडुनिंब, वाळा, लव्हेंडर कोणीही पुरं पडणार नाही. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला जमायला अवघड जातं, आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर मिळतो, घेऊन टाक, अंदाजाने चालण्यापेक्षा बरं.

अर्धवट वाळलेले कपडे घडी करून ठेवतेस का तेही बघ. ओलसर कपड्यांचा तो आंबूस वास असतो ना, त्यामागे मोराक्सेला नावाचे बॅक्टेरिया असतात असं जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, धुऊनही ते कपड्यात टिकतात आणि परत ओल मिळाली की सुरू होतात. कडक ऊन किंवा ६० अंशांचं गरम पाणी, हे दोन त्यांना नकोसे असतात. फॅब्रिक सॉफ्टनर जास्त ओतून ते जात नाहीत, उलट टॉवेल पाणी टिपेनासे होतात.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, कोळसा ठेव. वासाच्या बाबतीत मला झाडांचा सगळ्यात आवडणारा उपाय हाच, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला काहीच सुगंध नाही. नारळाच्या करवंटीचा किंवा लाकडाचा कोळसा खूप तापवून, वाफ सोडून "ॲक्टिव्हेट" करतात, त्याने त्याच्या आत मुंग्यांच्या वारुळासारखी बिळंच बिळं तयार होतात, इतकी की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग ५०० ते १,५०० चौरस मीटर भरतो. वासाचे रेणू त्या बिळांच्या भिंतींना चिकटून बसतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचायला गॅस मास्कमध्ये हाच भरायचे, १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांकडून पीचच्या कोयी आणि अक्रोडाची टरफलं गोळा करत होते, त्यांचा कोळसा चांगला होतो म्हणून. साधा लाकडी कोळसा पण थोडं काम करतो पण फार कमी, आणि बार्बेक्यूच्या विटा ठेवू नकोस, त्यात चिकटवायला, पेटायला इतर गोष्टी घातलेल्या असतात. सुती पिशवीत ॲक्टिव्हेटेड कोळसा भर, तोंड घट्ट शिव म्हणजे कपडे काळे होणार नाहीत, एक कपाटात, एक बुटांच्या रॅकमध्ये, एक फ्रीजमध्ये. उन्हात ठेवला की तो परत नवा होतो असं सांगतात, ते अर्धं खरं आहे, उन्हाने त्याची ओल जाते आणि थोडेफार वास सुटतात, पण खोलवर बसलेलं काढायला फार जास्त उष्णता लागते, म्हणून काही महिन्यांनी पिशवी बदलायचीच.

कापूर कपाटातून काढ, मांजरीचं कारण सांगितलंच. शिवाय बाजारातला बराचसा कापूर झाडातून थेट आलेला नसतो, टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवतात, त्यामुळे नॅचरल म्हणून घेतला असशील तर तोही मुद्दा गेला. आणि म्हणून लगेच डांबरगोळ्या आणू नकोस, नॅफ्थलीनच्या असतात त्या तर आणखी वाईट, लहान मुलांना आणि मांजरांना दोघांनाही. कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवायची तर ठेव, पण ती किड्यांसाठी, कुबट वासासाठी नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. पॅचौली नावाच्या सुगंधी झुडपाची पानं एकोणिसाव्या शतकात भारतातून युरोपात जाणाऱ्या शालींच्या घड्यांमध्ये कसर लागू नये म्हणून घालायचे, तिकडच्या लोकांना तो वास इतका आवडला की पुढे त्याचं अत्तरच झालं, पण सुरुवात कसरीपासून. तुला कपाट उघडल्यावर मंद सुगंध पाहिजेच असेल तर वाळ्याच्या मुळांची छोटी जुडी ठेव, ती आपल्या चालीने हळूहळू वास सोडते, तेलाच्या थेंबांसारखी अंगावर येत नाही. सासूबाईंना आधी हातात देऊन बघ, त्यांना त्रास झाला तर तीही नाही.

कुंड्यांबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. १९८९ मध्ये नासाने बंद डब्यांमध्ये झाडं ठेवून प्रयोग केले, त्यात झाडांनी हवेतली काही रसायनं कमी केली, आणि तेव्हापासून "हवा शुद्ध करणारी झाडं" ही यादी फिरतेय. पण तो हवाबंद डबा होता, तुझ्या घरात हवा आतबाहेर होत असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी आधीचे सगळे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तर साधी हवा खेळती राहून जेवढी स्वच्छ होते तेवढं करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. चार कुंड्या डोळ्यांना छान, तेवढ्यासाठी ठेव. माती सतत ओली ठेवलीस तर उलट तिलाच बुरशीचा वास यायला लागेल. आणि त्यात लिली असेल तर ती आजच कोणालातरी देऊन टाक, लिलीने मांजरीच्या किडन्या जातात, नुसता पराग चाटला तरी.

बाथरूमचं तू लिहिलं नाहीस, पण हॉलमध्ये अधूनमधून गटाराचा वास येत असेल तर कमी वापरातल्या मोरीत तांब्याभर पाणी ओत. खालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून राहतं तेच गटाराच्या वायूला अडवतं, ते वाळलं की वास थेट वर येतो. वरून चमचाभर खायचं तेल सोडलं की पाणी लवकर उडत नाही.

सुरुवात मांजरीच्या कोपऱ्यापासून कर, मग कपाट, बूट काय नवऱ्याकडे सोपव. सगळ्या गोष्टी एकाच दिवशी केल्यास तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि वास गेला की नाही ते स्वतः ठरवू नकोस, घरात सतत राहणाऱ्या नाकाला कळत नाही, बाहेरून आलेल्या कोणालातरी दारातच विचार, आत येऊन दहा मिनिटं बसल्यावर त्यांचंही नाक कामातून जातं.

काही वास घालवायच्या मागे लागूच नको. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन घालतात, तो वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाइटचं बटण दाबायचं नाही, पंखा पण नाही. घरातल्या कोणाच्या श्वासाला अचानक पिकलेल्या फळांसारखा वास यायला लागला आणि बरोबर खूप तहान, उलट्या असं काही असेल तर शुगर फार वाढलेली असू शकते, दवाखान्यात लगेच न्यायचं. आणि दोन दिवसांत मासे केलेलेच नाहीत तरी किचनमध्ये मासळीसारखा वास येतोय, असं झालं तर लिंबू शोधू नकोस, प्लगपॉइंट आणि स्विचबोर्ड हात न लावता बघ. तापलेल्या वायरचं आणि सॉकेटचं प्लॅस्टिक कधीकधी अगदी मासळीसारखा वास सोडतं. मेन स्विच बंद कर आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव.